बागकामाचे मासिक कसे पारखावे: खान्देशातील वाचकासाठी

खान्देशात राहून बागकामाचे मासिक लावणाऱ्या वाचकाची अडचण पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा वेगळी आहे. मराठीत या विषयावर जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक येथील गच्च्या, गॅलऱ्या आणि बंगल्यांभोवतीच्या बागा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. तिथली हवा, तिथले पाणी आणि तिथली माती जळगाव-भुसावळच्या माणसाच्या वाट्याला आलेली नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे ही इथे नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तापी, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यांतली काळी जमीन पावसात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यामुळे गुळगुळीत कागदावर छापलेले, नामवंतांच्या लेखांनी भरलेले मासिकही इथल्या अंगणात निरुपयोगी ठरू शकते आणि साध्या कागदावर, दोन रंगांत छापलेले एखादे मासिक वर्षभर कामी येते.

माझ्या मते मासिकाची लायकी मुख्यतः एका गोष्टीवरून ठरते. त्यात दिलेला सल्ला कोणत्या जमिनीसाठी आहे, कोणत्या महिन्यासाठी आहे आणि किती मापाने अमलात आणायचा आहे, हे मासिक स्पष्ट सांगते की मोघम लिहून वेळ मारून नेते, हे पाहावे. जो सल्ला सगळीकडे, सगळ्यांना आणि बारा महिने लागू पडतो असे भासवले जाते, तो बहुधा कोणालाच नीट लागू पडत नाही. पुढे ज्या कसोट्या दिल्या आहेत, त्या या एका मुद्द्यातूनच निघालेल्या आहेत.

आधी आपल्या बागेची नोंद

मासिके चाळायला जाण्यापूर्वी आपल्या बागेची थोडक्यात नोंद कागदावर करावी. जागा अंगणाची आहे, गच्चीची आहे की मळ्यातल्या घराभोवतीची. ऊन सकाळचे येते की दुपारनंतरचे. पाणी नळाचे, विहिरीचे की बोअरचे, आणि एप्रिल-मेमध्ये ते किती दिवसांआड मिळते. माती काळी भारी आहे, मुरमाड आहे की रोपवाटिकेतून आणलेली तांबडी, एवढे लिहिले तरी पुरे. माती परीक्षण झालेले असल्यास सामू, म्हणजे माती आम्लधर्मी आहे की विम्लधर्मी हे दाखवणारा आकडा, अवश्य नोंदवावा. खान्देशातील काळ्या जमिनींचा सामू साधारणपणे ७.५ च्या पुढे असतो आणि त्यांत चुनखडीचे प्रमाणही बरेच असते. ही एक बाब लक्षात ठेवली तरी मासिकांतला बराचसा अनुपयुक्त सल्ला ओळखता येतो. परीक्षण झालेले नसेल, तर त्याची चौकशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात करावी. जळगाव जिल्ह्यात अशी केंद्रे पाल आणि ममुराबाद येथे आहेत, तर धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतही ती आहेत.

या नोंदीचा दुसरा उपयोग असा, की आपल्याला शेतीचे मासिक हवे आहे की घरगुती बागेचे, हे त्यावरून ठरते. मराठीत शेतीची नियतकालिके पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही उत्तम आहेत; परंतु दहा कुंड्यांच्या मालकाला हेक्टरी खतमात्रा वाचून काय करायचे हे कळत नाही, आणि घराभोवती दहा गुंठे मोकळी जागा असलेल्याला बाटल्या रंगवून त्यांत मनीप्लांट लावण्याचे लेख पुरत नाहीत.

ओळखीच्या पिकावरचा लेख आधी वाचावा

नवीन मासिक हाती आले, की आपण स्वाभाविकपणे ज्या विषयातले काही माहीत नाही तो लेख आधी उघडतो. पारख करताना नेमके उलट करावे. ज्या पिकाची किंवा झाडाची आपल्याला पक्की माहिती आहे, त्याच्यावरचा लेख प्रथम वाचावा, कारण तिथे लेखकाचे पाणी लगेच जोखता येते. खान्देशातला वाचक या बाबतीत भाग्यवान आहे. केळी, वांगी आणि मिरची या तिन्ही पिकांचे ज्ञान इथे घरोघरी आहे. जळगावची केळी आणि जळगावचे भरिताचे वांगे या दोहोंना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बामणोदच्या वांग्यांचे भरीत हिवाळ्यात ज्याने केले-खाल्ले आहे, त्याला वांग्यावरचा लेख पारखायला कोणा तज्ज्ञाची गरज पडू नये.

वांग्याचेच उदाहरण घेऊ. शेंडे आणि फळे पोखरणारी अळी हा या पिकाचा मुख्य शत्रू आहे. लेखात केवळ ‘कीड दिसताच योग्य औषध फवारावे’ एवढेच लिहिलेले असेल, तर लेखकाने वांग्याचे झाड जवळून पाहिलेले नाही असे खुशाल समजावे. फळ लागण्याआधी कोवळा शेंडा मान टाकतो, तो खालच्या बाजूने चिरला की आत अळी सापडते, आणि असे सुकलेले शेंडे वेळीच खुडून नष्ट केले तर पुढे फळांवर जाणारा प्रादुर्भाव कमी होतो; शिवाय नर पतंग पकडण्यासाठी कामगंध सापळे मिळतात. हे सर्व चार ओळींत मावते. ते ज्या लेखात आहे, त्या लेखाचा लेखक वाफ्यात वाकलेला आहे.

मिरचीची कसोटी याहून बारीक आहे आणि नंदुरबारकडच्या वाचकाला ती विशेष उपयोगी पडेल. मिरचीची पाने आकसली की सरसकट ‘चुरडा-मुरडा’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. पण पान कोणत्या बाजूला वळले आहे, हे पाहिल्याशिवाय उपाय सांगणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. फुलकिड्यांनी रस शोषला तर पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात आणि पान होडीसारखे दिसू लागते. कोळ्यांचा उपद्रव असेल तर कडा खाली वळतात, पान अरुंद होते आणि देठ लांबल्यासारखा वाटतो. त्यांखेरीज पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणूजन्य पर्णगुच्छही असतो, ज्यात झाड खुजे राहते आणि एकदा लागण झाली की ते झाड उपटून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. कोळी हा सहा पायांचा कीटक नसून आठ पायांचा जीव असल्यामुळे फुलकिड्यांवर चालणारी अनेक औषधे त्याच्यावर चालत नाहीत. मासिकात हा फरक सांगितलेला असेल आणि शेजारी वर वळलेल्या व खाली वळलेल्या पानांची दोन वेगवेगळी छायाचित्रे असतील, तर त्या अंकाचे पैसे तिथेच वसूल झाले. लाल मिरचीच्या ढिगाचे पानभर रंगीत चित्र आणि खाली ‘रोगनियंत्रण वेळेवर करावे’ असे गुळमुळीत वाक्य असेल, तर अंक मुकाट्याने परत ठेवावा.

केळीचेही असेच आहे. रावेर-यावल भागात केळीच्या बागांना लागून घरे आहेत, आणि परसात गिलकी, दोडकी, काकडी यांचे वेल चढवण्याची रीत आहे. केळीवर येणारा कुकुंबर मोझॅक विषाणू, ज्याला शेतकरी सीएमव्ही म्हणतात, मावा किडीमार्फत पसरतो आणि काकडीवर्गीय वेलींवर आसरा घेतो. परसातल्या वेलींवर लिहिताना या शेजारधर्माचा उल्लेख करणारा लेखक केळीच्या मुलखाला ओळखतो. पुण्यात छापलेल्या प्रत्येक मासिकाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे होईल; पण दोन मासिकांत निवड करायची वेळ आली, तर असा उल्लेख असलेल्या मासिकाकडे झुकते माप द्यावे.

चुना, ऊन आणि थंडी

बागकामावरील मराठी मजकुराचा एक मोठा भाग इंग्रजी मासिकांवरून उचललेला असतो. उचलेगिरीची तक्रार बाजूला ठेवली तरी खरी हानी वेगळीच आहे. ब्रिटन आणि अमेरिकेतील पावसाळी प्रदेशांत जमीन आम्लधर्मी असल्यामुळे तिथे बागेत चुना टाकण्याची शिफारस केली जाते. आपल्याकडे कोकणातल्या जांभ्या मातीला ती कदाचित लागू पडेल. खान्देशच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत चुना टाकणे म्हणजे आधीच अडलेले लोह आणि जस्त आणखी अडवून ठेवणे होय. टोमॅटोच्या बुडाशी काळा, खोलगट डाग पडतो, तेव्हा हमखास अंड्यांची टरफले किंवा चुना घालण्याचा सल्ला छापला जातो. फळाला कॅल्शियम कमी पडते हे त्यातले निदान खरे आहे. परंतु आपल्या मातीत कॅल्शियम भरपूर असते, ते फळापर्यंत पोहोचत नाही इतकेच, आणि न पोहोचण्याचे मुख्य कारण पाण्याची अनियमितता हे आहे. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी आळे तुडुंब भरणाऱ्या घरात हा डाग दिसणारच. तिथे आच्छादन आणि थोडे-थोडे नियमित पाणी हा उपाय आहे. ज्या मासिकाने टोमॅटोच्या डागावर लिहिताना पाण्याचा विषय काढलेला नाही, त्याच्या इतर लेखांवरही संशय घेण्यास हरकत नाही.

उन्हाचेही तसेच. थंड देशांतील मासिके ‘पूर्ण ऊन’ म्हणतात, तेव्हा त्यांना दिवसाकाठी सहा तास किंवा अधिक थेट ऊन अभिप्रेत असते, आणि ते ऊन लंडनच्या जूनचे असते. हाच शब्दप्रयोग जसाच्या तसा मराठीत आला आणि वाचकाने एप्रिलमध्ये चाळीसगावच्या गच्चीवर सिमला मिरचीच्या कुंड्या पश्चिमेच्या कठड्याला लावल्या, तर काय होईल ते सांगायला नको. इथल्या उन्हाळ्यासाठी लिहिणारा लेखक पन्नास टक्के सावलीची जाळी, दुपारनंतरच्या उन्हापासून आडोसा, काळ्या पिशव्यांऐवजी पांढऱ्या पिशव्या, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवणे आणि वर पाचटाचे किंवा वाळलेल्या पानांचे जाड आच्छादन, या गोष्टी आपण होऊन सांगतो. मार्च-एप्रिलच्या अंकांत यांचा मागमूसही नसेल आणि ‘वसंतात फुललेली बाग’ असे शीर्षक असेल, तर ते मासिक कोणत्या तरी दुसऱ्या देशातल्या वसंताविषयी बोलत आहे.

परदेशी मासिकांत झाडांपुढे थंडी सोसण्याचे क्रमांक छापलेले असतात. अमेरिकेतील विभाग हे हिवाळ्यातील सरासरी किमान तापमानावर आधारलेले आहेत, आणि ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची वर्गवारीही झाड किती थंडी सहन करते यावरच उभी आहे. खान्देशात झाड दगावते ते उन्हाळ्यात, त्यामुळे हे क्रमांक इथे फारसे काही सांगत नाहीत. याचा अर्थ ती मासिके वाचूच नयेत असा मुळीच नाही. बागेची रचना, छाटणीची तत्त्वे, झाडांचा इतिहास, वनस्पतींची चित्रे यांसाठी ती अवश्य वाचावीत. विल्यम कर्टिस यांनी १७८७ साली लंडनमध्ये सुरू केलेले वनस्पतींचे सचित्र नियतकालिक आजही निघते, आणि त्यातील चित्रे दीर्घकाळपर्यंत एकेक करून हाताने रंगवली जात असत. झाड ओळखण्यासाठी चित्र कसे असावे, याचा तो वस्तुपाठच आहे. मात्र तिथले वेळापत्रक आणि तिथली खतमात्रा आपल्या वाफ्यात उतरवू नये.

जमिनीच्या आणि हवेच्या दृष्टीने पाहिले तर खान्देशला मुंबईपेक्षा मध्य प्रदेशातला निमाड जवळचा आहे. बऱ्हाणपूरकडेही केळी पिकते, खरगोनकडेही मिरची पिकते. हिंदी सहज वाचणाऱ्याने मध्य प्रदेशातील कृषी नियतकालिकांवरही नजर टाकावी. एखाद्या वेळी हवे ते उत्तर तिकडे मिळून जाते.

माप आणि महिना

कृती सांगणारा लेख वाचताना पेन्सिल हातात घ्यावी आणि आकडे अधोरेखित करावेत. अधोरेखित करण्यासारखे काही सापडले नाही, तर तो लेख कृतीचा नाही. निंबोळी अर्काची गोष्ट प्रत्येक मासिकात वर्षातून एकदा तरी येते, म्हणून तिच्यावरून पारख करणे सोपे जाते. पाच टक्के अर्कासाठी एका लिटर पाण्याला ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड लागते. ती रात्रभर भिजत घालावी, सकाळी फडक्यातून पिळून गाळावी, पानांना चिकटण्यासाठी किंचित साबण मिसळावा आणि शक्यतो संध्याकाळी, त्याच दिवशी फवारून संपवावी. लेखात वजन, भिजवण्याचा वेळ, गाळणे आणि ताजेपणा या चारही गोष्टी असायला हव्यात. ‘मूठभर निंबोळ्या बादलीभर पाण्यात’ असे माप देणाऱ्याने मूठ कोणाची आणि बादली केवढी, हे वाचकावर सोपवलेले असते.

आणि तो लेख केव्हा छापला आहे, हेही पाहावे. निंबोळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिकून पडतात. तेव्हाच त्या गोळा करून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवायच्या असतात. अर्काचा लेख डिसेंबरमध्ये आला, तर वाचकाने पुढच्या वर्षापर्यंत थांबायचे की दुकानातून बाटली आणायची? जाणता संपादक असा लेख मेच्या अंकात देतो आणि हिवाळ्यात त्याची आठवण करून देतो. हाच न्याय पेरणी-लागवडीला लावावा. मृग ७ जूनच्या सुमारास निघतो. तेव्हा पावसाळी भाज्यांच्या बियाण्यांची निवड, वाफे तयार करणे आणि रोपे टाकणे यांविषयीचा मजकूर आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आगेमागे हातात पडायला हवा. मासिक छापून, टपालाने धडगाव किंवा बोदवडला पोहोचेपर्यंत महिन्याचा पहिला आठवडा उलटलेला असतो. चालू महिन्याची कामे चालू महिन्याच्या अंकात देणारे मासिक दूरच्या वर्गणीदाराला नेहमीच उशिरा भेटते, आणि हा दोष कितीही चांगल्या मजकुराने भरून निघत नाही.

बुरशीजन्य रोगांवर फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणावरचा लेखही असाच बोलका असतो. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी लिटरमागे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि कळीचा चुना प्रत्येकी १० ग्रॅम, भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची, दोन्ही द्रावणे आधी वेगवेगळी तयार करून मग एकत्र करणे, आणि शेवटी चकचकीत लोखंडी खिळा किंवा सुरी बुडवून पाहणे, इतके त्यात यायला हवे. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे आणि तसेच फवारल्यास पाने भाजतील. खिळ्याची ही परीक्षा गाळून टाकणारा लेखक स्वतः मिश्रण करीत नसावा.

औषधांविषयी लिहिताना

रासायनिक औषधांना मासिकात थारा असावा की नाही, याबद्दल माझा आग्रह नाही. असेल तर तो जबाबदारीने असावा, एवढाच आग्रह आहे. औषधाचे व्यापारी नाव पुरेसे नसते, घटकाचे नाव हवे. लिटरमागे किती मिली किंवा किती ग्रॅम हे हवे. आणि खाण्याच्या भाजीवर फवारायचे असेल तर फवारणी व तोडणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवायचे, हे तर हवेच हवे. डब्यावरील त्रिकोणाचा रंग विषारीपणा दाखवतो: लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. घरगुती बागेसाठी लाल त्रिकोणाचे औषध सुचवणारे मासिक मुले-माणसे वावरणाऱ्या अंगणात उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये.

रद्दीच्या दुकानातून किंवा नातेवाइकांच्या माळ्यावरून मिळालेले जुने अंक वाचताना या बाबतीत अधिक सावध राहावे. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. त्यापूर्वीच्या अंकांत त्याची शिफारस सर्रास सापडते. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास मनाई आहे, तरीही जुन्या लेखांत ते भाजीवर सुचवलेले आढळते. कलम बांधणे, छाटणी, खत कुजवणे यांवरचे जुने लेख मात्र नव्यापेक्षा कित्येकदा सरस असतात, कारण त्या काळी पानभर छायाचित्र टाकून जागा भरण्याची सोय नव्हती.

जाहिरात आणि लेख

जाहिरातींशिवाय मासिक चालत नाही, हे समजून घ्यावे. जाहिरात जाहिरातीच्या जागी असेपर्यंत तिचा त्रास होत नाही. झाडाची वाढ वाढवणाऱ्या एखाद्या संजीवकाची महती सांगणारा लेख डाव्या पानावर आणि त्याच संजीवकाची जाहिरात उजव्या पानावर असली, की लेख कोणी लिहवून घेतला हे उघड होते. लेखाच्या शेवटी लेखकाचा हुद्दा आणि ठिकाण दिलेले आहे का, तो लेखक विक्रेता आहे का, एकाच कंपनीचे नाव मजकुरात पुन्हा पुन्हा येते का, आणि एखाद्या वस्तूचे तोटेही कोणी लिहितो का, हे पाहावे. कोकोपीटचे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचे, गुण गाणारे लेख शेकड्याने मिळतील; ते उन्हाळ्यात गच्चीवर लवकर सुकते, एकदा कोरडे पडले की लवकर पाणी धरत नाही आणि त्यात स्वतःचे अन्नद्रव्य फारसे नसते, हे लिहिणारा विरळा. ‘एका रात्रीत’, ‘जादुई’, ‘शंभर टक्के खात्रीशीर’ असे शब्द मुखपृष्ठावर दिसले तर आत डोकावण्याचे कारण उरत नाही.

अंकाच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे, छापखान्याचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक असतो. नियतकालिकाने हे छापावे ही अट १८६७ च्या कायद्यापासून चालत आली असून आता त्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या नोंदणी कायद्याने घेतली आहे. ही ओळच नसेल तर वर्गणी कोणाकडे मागायची आणि अंक न आल्यास तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्न उभा राहतो.

वाचकांचे प्रश्न

मला विचाराल तर मासिकाचे सर्वांत प्रामाणिक पान प्रश्नोत्तरांचे असते. प्रश्न कोणत्या गावांहून आले आहेत ते आधी पाहावे. पारोळा, शिरपूर, शहादा, जामनेर अशी नावे दिसली तर आपल्यासारखे वाचक तिथे आहेत असे समजावे. त्यानंतर उत्तर कसे दिले आहे ते पाहावे. ‘जास्वंदाची पाने पिवळी पडतात, काय करू?’ हा प्रश्न बारमाही आहे. चांगला जाणकार उलट विचारतो: पिवळी पडली ती पाने खालची जुनी की शेंड्याकडची नवी? जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर नत्राची उणीव असण्याचा संभव अधिक; नवी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्या असतील तर लोहाची उणीव, जी आपल्या चुनखडीच्या जमिनीत आणि जड पाण्यावर लिंबू, गुलाब, जास्वंद या झाडांना नेहमी भेडसावते; आणि आळ्यात पाणी साचत असेल तर खताआधी निचरा बघावा लागतो. प्रत्येक प्रश्नाला ‘संतुलित खत व पुरेसे पाणी द्यावे’ असे एकच उत्तर देणारे सदर वाचण्यात अर्थ नाही.

चूक छापली गेल्यास पुढच्या अंकात दुरुस्ती येते का, हेही याच पानावर कळते. ग्रॅमच्या जागी किलो छापले गेले, तर कोणाचे तरी झाड जळते. सलग काही अंक चाळूनही एकदासुद्धा दुरुस्ती आढळली नाही, तर चुका होत नाहीत असे न मानता त्या सांगितल्या जात नाहीत असे मानणे अधिक सुरक्षित ठरते.

अंक कुठे पाहावेत, वर्गणी कशी भरावी

एका अंकावरून निर्णय घेऊ नये, आणि दिवाळी अंकावरून तर मुळीच घेऊ नये. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची आहे आणि ती अभिमानाची आहे. पण बागकामाच्या मासिकाचा दिवाळी अंक जाहिरातींनी फुगलेला आणि पाहुण्या लेखकांनी सजलेला असतो, त्यावरून वर्षाचा अंदाज येत नाही. एक उन्हाळी, एक पावसाळी आणि एक हिवाळी अंक समोर ठेवून वाचावेत. त्यासाठी वाचनालय हे उत्तम ठिकाण आहे. जळगावचे व. वा. वाचनालय, अमळनेरचे साने गुरुजी ग्रंथालय अशी जुनी वाचनालये खान्देशाला लाभलेली आहेत. आपल्या गावच्या वाचनालयात हवे ते मासिक येत नसेल, तर ग्रंथपालांकडे लेखी मागणी करावी, कारण पुष्कळदा कोणी मागितले नाही म्हणूनच ते येत नसते.

शासकीय आणि विद्यापीठीय नियतकालिकांकडे दुर्लक्ष करू नये. राज्याच्या कृषी विभागाचे ‘शेतकरी’ मासिक, तसेच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘श्रीसुगी’ आणि दरवर्षीची ‘कृषिदर्शनी’ ही शेतकऱ्यांसाठी असली, तरी परसबाग करणाऱ्यालाही त्यांत बरेच मिळते. राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले असून खान्देशचे तिन्ही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. जळगावचे केळी संशोधन केंद्र आणि धुळ्याचे कृषी महाविद्यालय त्याचेच आहे, त्यामुळे तिथल्या शिफारशी आपल्या जमिनीवर तपासलेल्या असण्याची शक्यता जास्त असते. त्यांची भाषा कधी कधी सरकारी वळणाची असते आणि मात्रा हेक्टरी असतात. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, हे ध्यानात ठेवून भागाकार करावा. हेक्टरी १० टन शेणखत म्हणजे चौरस मीटरला एक किलो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ‘फल फूल’ हे हिंदी द्वैमासिक फळे, फुले आणि भाज्यांसाठी पाहण्यासारखे आहे.

मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफ अंकांबद्दल एवढेच सांगतो, की ते बहुधा परवानगीशिवाय पसरवलेले असतात आणि त्यांची मधली पाने गळालेली असतात. अधिकृत डिजिटल वर्गणी असेल तर ती घ्यावी, विशेषतः टपाल उशिरा पोहोचणाऱ्या गावांत.

वर्गणी प्रथम एकाच वर्षाची भरावी. तीन वर्षांच्या सवलतीला भुलू नये. पावती जपून ठेवावी, अंक आला की आतल्या पानावर मिळाल्याची तारीख टाकावी, आणि ज्या सल्ल्याप्रमाणे प्रत्यक्ष काम केले त्याच्या समासात तारीख व झाडाचे नाव लिहून निकालही नोंदवावा. वर्गणी संपत असल्याचे पत्र आले, की बाराही अंक काढून हे समास पाहावेत. किती लेखांप्रमाणे हात हलवला आणि त्यांतले किती इथल्या मातीत व इथल्या उन्हात टिकले, हे तिथे लिहिलेलेच असेल. समास कोरे असतील तर नूतनीकरणाचा फॉर्म भरू नये, आणि त्याच पैशांत दुसऱ्या एखाद्या मासिकाचे सुटे अंक मागवून पाहावेत.